तुझ्या वाटणीचे लाडू

दादा, तू गेलास त्या दिवसापासून मला नुसती भूक लागत होती. हे घरात कुणापुढे बोलता येईना, म्हणून तुझ्यापुढे बोलते. तुझ्यापुढे लाजायचं वय माझं कधीच सरलं.

काल तुझा तेरावा झाला. मांडव उतरला, भाड्याची पातेली परत गेली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले. आत्या तेवढी राहिली आहे. तिला आईची काळजी आहे आणि माझ्यावर लक्षही ठेवायचं आहे.

तुझ्या मोटारसायकलला मागून टेम्पोनं ठोकलं, शिर्डीहून फोन आला, तुला घरी आणलं, घरातून नेलं, यातलं मी काही सांगत बसत नाही. दारावर आलेल्या प्रत्येकाला अप्पा ते पहिल्यापासून सांगत होते, आता गावाला पाठ झालंय. मी जेवणाचं सांगते. सुतकात चूल पेटवायची नसते, भावकीतून भाकरी येते. पहिल्या दिवशी काकू पिठलं-भाकरी घेऊन आली. आईनं घास हातात धरला, बराच वेळ धरून बसली आणि ताटात परत ठेवला. अप्पांनी दोन घास पाण्याबरोबर ढकलले. मी मात्र दोन भाकरी खाल्ल्या, पिठल्याचं पातेलं पुसून घेतलं आणि तिसरीला हात घातला. तेव्हा आत्या शेजारच्या बाईला म्हणाली, "हिच्या गळ्याखाली उतरतंय तरी कसं बाई?" हळूच म्हणाली, पण मला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

मी भाकरी ठेवून दिली. मग दुपारी सगळे लवंडल्यावर तीच भाकरी ओढणीखाली घेऊन गोठ्यामागे गेले आणि उभ्यानं खाल्ली. त्यानंतर रोज तेच. म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करायची आणि मी तिच्याकडे बघत खायचे. डोळ्यांतून पाणी चालू असायचं आणि हात काही थांबायचा नाही. रडायला मला अख्खं घर मोकळं होतं, खायला गोठ्यामागची तेवढी जागा. नगरला माझ्या अभ्यासाच्या खोलीवर जाऊन येते म्हटलं तर आई नुसती बघत राहिली. मग परत तो विषय काढला नाही. दारात माणसं, घरात माणसं, आणि माझं पोट कुणी कोंडून घातल्यासारखं ओरडत होतं.

आपल्याकडे दुःख मोजायचं माप एकच, ताटात किती उरलं ते. या परीक्षेत तू पहिला आला असतास. तुला काही झालं की तुझा घसा बंद व्हायचा, मला काही झालं की माझं तोंड सुरू व्हायचं. तू जेवला नाहीस की घर हवालदिल. आई दूध आणायची, काकू नजर उतरवायची. माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकच, "मनीला काय धाड भरलीय, खातीय की चांगली." मी रडत रडत खाल्लं तरी लोकांना माझं खाणंच तेवढं दिसलं.

सुरुवात कुठून झाली ते तुला आठवत असणारच. दसरा झाला की आई-अप्पा ऊसतोडीला जायचे आणि आपण काकूकडे राहायचो. निघायच्या आदल्या दिवशी आई गुळशेंगदाण्याचे लाडू करायची. शेंगदाणे भाजल्याचा वास सुटला की तू उठून अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसायचास. दुसऱ्यांच्या घरी पोरं त्या वासानं चुलीपाशी येतात. आपल्या घरी तो वास आला की उद्या ट्रॅक्टर येणार एवढंच कळायचं. सकाळी टोळीचा ट्रॅक्टर यायचा, भांडीकुंडी चढायची, अंथरुणं चढायची, मग आई चढायची आणि वरून पत्र्याचा डबा तुझ्या हातात द्यायची. तुझ्याच, कारण तू थोरला, आणि पोरगा. "दोघं मिळून खावा रं. मने, दादाला जास्त दे, लई वाळलाय."

पहिल्या वर्षी ट्रॅक्टर वळला तसा तू डबा उघडून एक लाडू तोंडात घातलास. गाल फुगला आणि फुगलेलाच राहिला. चावून चावून लगदा झाला तरी खाली जाईना. शेवटी तू बाभळीखाली जाऊन तो थुंकलास आणि डबा माझ्याकडे सरकवलास. "तू खा." मी खाल्ला. मग दुसराही खाल्ला. लाडू वळताना आईची बोटं त्यावर उमटलेली असायची. मी त्या खळीत माझं बोट ठेवून बघायचे आणि मग खायचे. मला वाटायचं, लाडू पोटात आहे तोवर आई पोटात आहे. थोड्या वेळानं ते वाटणं सरायचं, मग मी आणखी एक घ्यायचे. मी सहा वर्षांची होते, याहून जास्त काही सुचण्याजोगं वय नव्हतं.

"आईला सांगू नको," तू म्हणालास. "इचारलं तर दोघांनी खाल्लं म्हनायचं. माझी शपथ हाय." शपथ घ्यायला काय लागतं, मी घेतली. तोंड तसंही भरलेलंच होतं.

उन्हाळ्यात कारखाना बंद झाला की आई परत यायची, आणि सामान उतरायच्या आधी डबा बघायची. रिकामा डबा बघून तिचा चेहरा जो खुलायचा, तो तू पण बघितला आहेस. "माझ्या वाघानं सगळं खाल्लं बघा!" वाघ म्हणजे तू. हातापायाच्या काड्या, गळ्याची हाडं वर आलेली. "एवढं खातंय पन अंगालाच लागत न्हाई," ती काकूला सांगायची. मी शेजारीच उभी असायचे, ज्याच्या अंगाला लागायचं त्याच्या लागलेलं. वर मलाच विचारायची, "आन् तू गं, त्याला नीट खाऊ दिलंस का?" तू तिच्या मागून मला डोळा घालायचास आणि मला हसू दाबायला तोंड फिरवावं लागायचं.

त्या संध्याकाळी तू जेवायचास ते मी विसरणार नाही. आई भाकरी थापायची, तू समोर मांडी घालून बसायचास आणि तव्यावरून उतरलेली भाकरी तिथंच संपवायचास. दुधाबरोबर, चटणीबरोबर, कशाबरोबर नसली तरी कोरडीच. काकू म्हणायची, "माझ्या घरी ह्येला काय इख घालत हुते का मी?" बिचारीनं चांगलं रांधून घातलं होतं सगळे महिने. तुझ्या आवडीचं असं काही नव्हतंच रे. आई समोर असली की तुला काहीही जायचं, नसली की काहीच नाही.

मग आपण मोठे झालो. आई-अप्पांचं तोडीला जाणं थांबलं, तू शिर्डीत हॉटेलच्या काउंटरला लागलास, मी नगरला खोली घेऊन स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला बसले. मला वाटलं होतं, डबा आता सुटला. कसला सुटतोय! आई तुझ्या प्रत्येक सुट्टीला लाडू करून ठेवायची. तू निघालास की डबा तुझ्या पिशवीत, आणि नगरच्या स्टँडवर तोच डबा माझ्या मांडीवर. "एक खा की माझ्यासमोर." मी आत्ताच जेवलेय म्हटलं तरी तू ऐकायचा नाहीस. "खा गं. तुला खाताना बघितलं की बरं वाटतं." मी खायचे. तू शिर्डीच्या गाडीची पाटी बघत बसायचास आणि मध्येच माझ्याकडे बघून घ्यायचास. ते दिवस चांगले होते दादा. स्टँडवरच्या त्या बाकावर मला कधी कुणी जाड म्हणालं नाही.

मी काही एकटीच अशी नाही, हे मला अभ्यासिकेत कळलं. निकाल लागला की समोरच्या वडापावच्या गाडीवर गर्दी होते. यादीत नाव नसलेल्या पोरी दोन-दोन मागतात आणि मिरची तिखट लागल्याचं निमित्त करून डोळे पुसतात. गाडीवाला विचारत नाही, आम्ही सांगत नाही. आणि माझ्या खोलीतली शीतल अगदी तुझ्या जातकुळीची. परीक्षेच्या आठवड्यात तिला पाणीसुद्धा जात नाही, मेसचा डबा आला तसा पडून राहतो. तो कोण खातं ते तुला सांगायला नको. घरून फोन आला की दोघींनाही एकच प्रश्न, "जेवलीस का?" जेवले म्हटलं की तिकडचा जीव भांड्यात पडतो. ती खोटं बोलते, मी खरं बोलते, आणि दोघींपैकी एकीचंही काही बरं चाललेलं नसतं.

आपलं शेवटचं भांडण अर्धवट राहिलं आहे, ते आज पुरं करायचं होतं. मला बघायला आलेल्यांनी "पोरगी अंगानं जरा भरलेली हाय" म्हणून निरोप पाठवला होता आणि आई म्हणाली होती, "तोंड आवर की गं. दादाकडं बघ, लाडू खाऊनसुदिक कसा हाय." मी ते गिळून बसले होते. तू स्टँडवर नेहमीसारखा डबा पुढे केलास आणि माझं डोकं फिरलं.

"तुझे लाडू मी खायचे, आन् बोलनी बी मीच खायची? सांग आईला आता. एकदाचं सांगून टाक."

तू डबा माझ्या मांडीवर ठेवलास. मग म्हणालास, "मने, थंडीत उसाच्या फडात उभं ऱ्हायलं की हात चालायचं न्हाईत तिचं. तवा म्हनं एकच डोक्यात असायचं, पोरगं आत्ता लाडू खात असंल. तिनंच सांगितलंय मला. ते कसं काढून घिऊ तिच्याकडनं?"

"मग माझं काय?"

"तुझं काय, तू खंबीर हायस."

खंबीर! मी तो डबा तुझ्या हातात परत कोंबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तू हसलास, गाडीत चढलास, खिडकीशी बसलास, डबा मांडीवर. गाडी सुरू झाली तेव्हा तू खिडकीतून सांगितलंस की तुझंही ठरत आलेलं लग्न मोडलं, पोरगा हॉटेलात आणि आई-बाप तोडीला जायचे म्हणून. कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलंस. मी काही म्हणेपर्यंत गाडी स्टँडबाहेर पडली होती. मला म्हणायचं होतं की मूर्खा, हे आधी सांगायचं असतं, बाकावर बसलेलो असताना. आणि मी खंबीर नाही हेही सांगायचं होतं. मी फक्त खाते.

तुझ्या हॉटेलातला मित्र दारावर आला होता. तुझी पिशवी घेऊन. आईच्या पाया पडला, अप्पांजवळ बसला आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, घरनं परत आल्यापासनं नीट जेवलाच नव्हता तो. आम्ही लई म्हनायचो." मी त्याला गप्प राहायला सांगितलं. टेम्पो मागून आला होता, तुझ्या उपाशी पोटाचा त्यात काही संबंध नाही, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगते आहे. दिवसातून किती वेळा सांगते ते विचारू नकोस. पिशवीतून डबा निघाला, मी तुला परत दिलेला. भरलेला. आईनं झाकण उघडलं आणि छाती बडवली, "माझ्या वाघाला खायलाबी येळ न्हाई मिळाला गं!"

आणि काल तेरावा. आपल्या भावकीतली रीत तुला माहीत आहे, गोड जेवण झालं की गेलेल्याच्या नावानं प्रत्येकानं काहीतरी सोडायचं. काका मध्ये बसले आणि एकेकाला विचारत गेले. अप्पांनी तंबाखू सोडली. काकांनी स्वतः कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी ताटात घेतलेलं मी बघितलं नाही. तू असतास तर मला कोपर मारलं असतंस. मग आईची पाळी आली.

"माझ्या वाघाचा लई जीव लाडवावर," आई म्हणाली. "म्या लाडू सोडला. खायचा न्हाई, आन् ह्या घरात करायचाबी न्हाई."

सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मला मात्र आतून कुणीतरी कडी घातल्यासारखं झालं. तू जे कधी खाल्लं नाहीस ते आई तुझ्यासाठी सोडत होती. मी ज्याच्यावर आजवर तगले ते या घरातून जात होतं, आणि मला हूं की चूं करता येत नव्हतं. खरं सांगावं तर त्या फडातल्या सगळ्या थंड्या आईला पुन्हा उभ्यानं काढाव्या लागतील, आणि या खेपेला पोरगं उपाशी आहे हे माहीत असताना. न सांगावं तर ती मरेपर्यंत भलत्याच गोष्टीचा उपास धरणार. वर तुझी शपथ. तू मला मधोमध उभं करून गेलास दादा, आणि मला तुझा इतका राग आला की तुझ्या फोटोकडे बघवेना. माझी पाळी आली तेव्हा मी सतरंजीचा दोरा ओढत राहिले. आत्या म्हणाली, "ती काय सोडतीय?" काका म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, पोर हाय," आणि पुढे सरकले.

संध्याकाळी सगळे गेल्यावर आई तो डबा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. "ह्ये त्याचं शेवटचं. म्या सोडलंय, आन् टाकवत तर न्हाई. तू खा त्याच्या नावानं. माझ्या डोळ्याफुडं खा." आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच देत होती. मला तर हायसं वाटायला हवं होतं, या घरात पहिल्यांदा कुणी मला खा म्हणत होतं. मी लाडू उचलला आणि तोंडात घातला.

तो खाली गेला नाही.

मी चावत राहिले. गूळ सुटला, शेंगदाण्याचा चिखल झाला, गाल दुखायला लागले, आणि घसा बंद. पाणी प्यायले तर पाणीही तोंडातच राहिलं. दादा, असं व्हायचं का रे तुला? हे असं? आणि मी तुला नखरे करतो म्हणायचे. मला वाटायचं तुला नको असतं. तुला हवं असायचं आणि जात नसायचं, हे मला काल कळलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग लहान लेकरापुढे धरतात तशी ओंजळ माझ्या हनुवटीखाली धरली. "थुक," ती म्हणाली. "थुक हितं. काय हुत न्हाई."

मी तिच्या हातात थुंकले. आणि तोंड रिकामं झालं तसं त्याच तोंडातून निघून गेलं, "आई, लाडू म्याच खायचे. पयल्यापासनं. तू गेलीस की दादाच्या गळ्याखाली काय उतरायचंच न्हाई."

आई हात तसाच धरून बसली. आत्या दारात येऊन उभी होती. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ते फडातले महिने एकेक करून तिच्या डोळ्यांपुढून जात असणार, मला ते दिसत होतं आणि थांबवता येत नव्हतं. मग तिनं हात पदराला पुसला.

"मग तुझं तरी पोट भरायचं न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "लई भरायचं."

तिनं मान हलवली, दोनदा हलवली, आणि काकूनं झाकून ठेवलेल्या ताटातली भाकरी मोडून पहिला घास तोंडात घातला. तो तिनं गिळला. मी बघत होते. दादा, एवढी वर्षं खाऊन माझं पोट एकदाही भरलं नाही, आणि आता हे तिला कधीच कळता कामा नये. तू तर सांगायला नाहीस. मीही सांगणार नाही.